आधी माप, मग पंख

डिचोली तालुक्यात खनिजवाहू ट्रकांच्या वाटेवर रोज ये-जा करणारी एखादी हॅचबॅक गाडी आठवडाभराने मागून पाहावी. बॉनेटवर आणि छपरावर धुळीचा पातळ थर असतो, मागची काच मात्र तांबडी होऊन बसलेली असते. त्याच रस्त्याने गेलेल्या सेडानची मागची काच तुलनेने स्वच्छ राहते. याचे कारण हवेत आहे. छपरावरून मागे येणारी हवा हॅचबॅकच्या छपराच्या शेवटच्या कडेला गाडीची पाठ सोडते. तिथून पुढे कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो, त्यात हवा उलटी घुमते आणि चाकांनी उडवलेली धूळ ओढून काचेवर आणून टाकते. म्हणूनच हॅचबॅकला मागे वायपर दिलेला असतो आणि बहुतेक सेडानना तो लागत नाही. हौसेने ट्रॅकवर गाडी पळवणारे तरुण पहिली खरेदी करतात ती बहुधा मागच्या पंखाची, म्हणजे विंगची. आणि पुष्कळदा तो पंख नेमका या घुमणाऱ्या, मरगळलेल्या हवेत बसवला जातो. तिथे तो वजन वाढवतो, अडथळा वाढवतो आणि काम जवळजवळ काहीच करत नाही. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हौशी गाडीच्या वायुगतिकीत पहिला खर्च मोजमापावर व्हायला हवा. ज्याने मोजले नाही त्याने सुधारणा केली असे म्हणता येत नाही, त्याने फक्त बदल केला.

पंख करतो काय, हे समजून घ्यायला पेडणे तालुक्यात आता वर मान करून पाहणे पुरेसे आहे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमाने ये-जा करू लागली. उतरणाऱ्या विमानाच्या पंखाची मागची कड सरकून बाहेर येते, खाली झुकते आणि मूळ पंख व ही कड यांच्यात एक अरुंद फट उघडते. वेग कमी झाला तरी विमानाचे वजन पेलता यावे म्हणून पंखाचे क्षेत्रफळ आणि वक्रता वाढवलेली असते, आणि फटीतून येणारी ताजी हवा झुकलेल्या कडेवरचा प्रवाह तुटू देत नाही. शर्यतीच्या गाडीचा पंख हाच, फक्त उलटा बसवलेला. विमानाला तो वर उचलतो, गाडीला खाली दाबतो. या खाली दाबणाऱ्या बळाला डाउनफोर्स म्हणतात. टायरची पकड त्याच्यावर किती भार आहे यावर अवलंबून असते. डिकीत वाळूची पोती टाकूनही भार वाढेल, पण वळणावर तीच पोती गाडीला बाहेर ढकलतील. हवेचा भार मात्र टायरला दाबतो आणि वळणावर बाहेर ढकलणारे वस्तुमान वाढवत नाही. सगळा लाभ या एका गोष्टीत आहे.

हा लाभ किती, याचे गणित मात्र निष्ठुर आहे, कारण हवेचे बळ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. 1.4 मीटर लांब आणि 25 सेंटिमीटर रुंद असा बऱ्यापैकी बनवलेला एक पंख धरू. स्वच्छ हवेत तो ताशी 60 किलोमीटरला जेमतेम 7 किलो दाब देईल, 100 ला सुमारे 19 किलो आणि 150 ला सुमारे 43 किलो. हजार किलोच्या गाडीला 60 च्या वेगात हे 7 किलो जाणवणारही नाहीत. ताशी 150 चे 43 किलो उपयोगाचे ठरतात, पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. पंख मागच्या आसाच्या साधारण 60 सेंटिमीटर मागे आहे आणि दोन आसांत 2.4 मीटर अंतर आहे असे समजा. तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर 43 ऐवजी सुमारे 54 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे 11 किलो उचलले जातात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिनाची ताकद आणि स्टिअरिंग दोन्ही पुढच्या चाकांकडेच असतात. म्हणजे नुसता मागचा पंख लावलेली गाडी वेगाच्या वळणावर पुढून हलकी होते आणि वळायला नकार देऊ लागते. पुढे बंपरखाली स्प्लिटरची सपाट फळी किंवा हवा अडवणारी पट्टी लावून आधी पुढचा भार सांभाळायचा आणि मग मागे किती लागतो ते ठरवायचे, हा क्रम यातून निघतो. दुकानातली मांडणी नेमकी याच्या उलट असते, कारण मागचा पंख दिसतो आणि पुढची फळी दिसत नाही.

मोजमापाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत या खेळाने मोठ्या मैदानावर मोजली आहे. स्विस अभियंता मायकल मे याने 1956 मध्ये पोर्श 550 वर उलटा पंख चढवून ती गाडी नुर्बुर्गरिंगवर आणली; आयोजकांनी त्या पंखासह तिला शर्यतीत उतरू दिले नाही. पुढे अमेरिकेत जिम हॉल यांच्या चॅपरल गाड्यांनी 1966 पासून उंच पंखाचा फायदा दाखवून दिला आणि 1968 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पंखांची लाट आली. बारीक खांबांवर उभारलेले हे उंच पंख लोटससारख्या संघांनी थेट चाकांच्या आधारांवर बसवले. त्यांच्यावर किती भार येतो याचा अंदाज होता, पण तो भार तसाच वारंवार येत राहिल्यावर खांब टिकतात का, याची पुरेशी कसोटी झालेली नव्हती. मे 1969 मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यांवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे पंख एकाच शर्यतीत कोसळले आणि दोन्ही गाड्या कठड्यावर आदळल्या. त्यानंतरच्याच मोनॅकोच्या शर्यतीत उंच पंखांवर बंदी आली. जगातल्या उत्तम अभियंत्यांच्या हातून हे घडले, तर घरच्या गॅरेजमध्ये दोन बोल्टांवर पंख उभारणाऱ्याने तो हाताने दाबून, वजने टांगून आणि प्रत्येक फेरीनंतर सांधे तपासून पाहणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते.

मोजायची साधने महाग असतात हा समज खरा नाही. सर्वांत स्वस्त साधन लोकरीचे आहे. बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीने छपरावर, मागच्या काचेवर आणि पंखाच्या खालच्या अंगाला ओळीने लावायचे आणि गाडी पळताना कॅमेऱ्याने टिपायचे. धागा सरळ मागे लोळतो तिथे हवा पृष्ठभागाला धरून आहे, गरगरतो तिथे तिने साथ सोडली आहे. पंखाचा कोन एकेक अंशाने वाढवत गेले की एका टप्प्यावर खालचे धागे फडफडू लागतात. तो त्या पंखाचा शेवट. दुसरे साधन म्हणजे रंगीत पाणी भरलेली पारदर्शक नळी. ताशी 100 किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब पाण्याची पातळी सुमारे 46 मिलिमीटरने हलवतो, म्हणजे फूटपट्टीने वाचता येतो. नळीचे तोंड बॉनेटवर ठिकठिकाणी ठेवून पाहिले की दाब कुठे जास्त आणि कुठे कमी हे कळते. रेडिएटरची गरम हवा बाहेर काढणारी जाळी कुठे कापायची हे मग अंदाजाने ठरवावे लागत नाही. तिसरे साधन सस्पेन्शनची हालचाल टिपणारा सेन्सर. मागच्या दोन्ही चाकांची स्प्रिंग मिळून मिलिमीटरला 5 किलो असेल, तर वर काढलेल्या 54 किलोंनी गाडी मागे सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. सरळ रस्त्यावर तेवढी बसली नाही, तर पंखाने सांगितलेले काम केलेले नाही.

अडथळा मोजण्याची रीतही साधी आहे: ठरावीक वेगाला गिअर न्यूट्रलला टाकायचा आणि गाडी आपोआप मंदावायला किती वेळ लागतो ते पाहायचे. हजार किलोच्या साध्या हॅचबॅकला ताशी 100 वरून 80 वर यायला सुमारे 15 सेकंद लागतात, असे गणित सांगते. पंखामुळे हवेचा अडथळा 10 टक्क्यांनी वाढला तर हा वेळ सुमारे 14 सेकंद होतो. फरक एका सेकंदाचा; आणि तेवढाच फरक समोरून ताशी 5 किलोमीटरची झुळूक आली तरी पडतो. पेडण्यासारख्या किनारी भागात दुपारी खारे वारे सुटतात, तेव्हा घेतलेले माप वाऱ्याचे असते, गाडीचे नसते. म्हणून मापन पहाटे, दोन्ही दिशांनी आणि पुन्हापुन्हा करायचे. वाऱ्याचा परिणाम दोन्ही दिशांच्या सरासरीत जवळजवळ विरून जातो. आधी जुनी मांडणी, मग नवी, मग पुन्हा जुनी असा क्रम ठेवायचा. तिसऱ्या वेळी पहिले उत्तर परत आले नाही तर मधले उत्तर रद्द. तापमानाचीही नोंद हवी, कारण 20 अंशांच्या सकाळपेक्षा 35 अंशांच्या दुपारी हवा सुमारे 5 टक्के विरळ असते. लॅपची वेळ कमी झाली एवढा पुरावा पुरत नाही. टायर तापले, पेट्रोल संपत आले, चालकाला ट्रॅक सरावाचा झाला, तरीही वेळ कमी होते.

यावर पहिला आक्षेप असा की आता हे सगळे संगणकावर होते. ओपनफोम नावाची प्रणाली फुकट मिळते, गाडीचा त्रिमितीय आराखडा घालून हवेचा प्रवाह पडद्यावर पाहता येतो, मग धागे कशाला? संगणक जरूर वापरावा, दहा कल्पनांतल्या आठ बाद करायला तो उत्तम आहे. पण हॅचबॅकच्या पाठीमागे घुमणारी हवा हीच संगणकाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट आहे. प्रवाह कुठे तुटतो याचे उत्तर निवडलेल्या गृहीतकाप्रमाणे बदलते, फिरती चाके आणि इंजिनाच्या कप्प्यातून जाणारी हवा हौशी आराखड्यात बहुधा नसतेच. पडद्यावरचे रंगीत चित्र तेव्हाच विश्वासाचे, जेव्हा त्यातल्या चार ठिकाणांचे आकडे पाण्याच्या नळीने घेतलेल्या आकड्यांशी जुळतात.

दुसरा आक्षेप वेगाचा. आपल्याकडचे ट्रॅक छोटे. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग होते, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे जेमतेम 2 किलोमीटरचा, मग हवेचा विचार करायचा कशाला? याला उत्तर विद्यार्थ्यांनी दिले आहे. फॉर्म्युला स्टुडंट या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत सरासरी वेग ताशी 50 च्या आसपास असतो, तरी तिथल्या कितीतरी गाड्यांना पुढेमागे भलेमोठे पंख असतात. गाडी दोन-अडीचशे किलोंची असते, त्यामुळे थोडका दाबही वजनाच्या मानाने मोठा ठरतो. हजार किलोच्या हॅचबॅकला हे गणित लागू पडत नाही. कारीसारख्या आखूड ट्रॅकवर तिच्या मालकाने टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर पैसे घालावेत, हे मोजणाऱ्याला आधीच कळते. पंख लावू नका हेसुद्धा मोजमापाचे उत्तर असू शकते. याच स्पर्धांत 1,000 पैकी 150 गुण रचनेच्या परीक्षेला असतात आणि तिथे परीक्षक विचारतात ते एवढेच: हा आकार का, आणि पुरावा काय? कोइम्बतूरला भरणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्येही हाच शिरस्ता आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. गोव्यात गाड्यांसाठी कायमचा डांबरी ट्रॅक नाही, मग ही मापे घ्यायची कुठे? धारगळहून मोपाकडे जाणारा रुंद रस्ता पहाटे मोकळा दिसतो, म्हणून तिथे गाडी पळवावी असे कोणाला वाटेल. याचे उत्तर ठामपणे नाही असेच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 189 शर्यतींबरोबर वेगाच्या चाचण्यांनाही लागू आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी अशी शर्यत किंवा चाचणी केली तर तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करायला कलम 52 मज्जाव करते. पण कायदा बाजूला ठेवला तरी चाचणी म्हणजे जाणूनबुजून मर्यादेच्या कडेला जाणे. त्या कडेवर दूधवाला, पाववाला किंवा पहाटेच्या विमानाला निघालेले कुटुंब असता कामा नये.

कलम 189 मधली लेखी संमतीची तरतूद मात्र एक वाट दाखवते. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग शर्यत भरत आली आहे. असलेले डांबर काही दिवस बंद करून वापरता येते याचा तो दाखला. पेडण्याच्या सड्यावर नवा ट्रॅक मागणे योग्य होणार नाही. मोपाच्या विमानतळाची पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्थगित केली आणि 2020 मध्ये पुन्हा लागू केली, त्यामागे जमीन, झाडे आणि पाण्याचे खरे प्रश्न होते. पण एखाद्या औद्योगिक वसाहतीतला किंवा संस्थेच्या आवारातला सरळ रस्ता वर्षातून चार सकाळी, रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंबासह, अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या देखरेखीखाली मिळणे अशक्य नाही. गोव्याकडे यासाठी लागणारे हातही आहेत. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आहेत, पिळर्णची किनेको ही कंपनी रेल्वे आणि अवकाश क्षेत्रासाठी कंपोझिटचे भाग बनवते.

हा शेवटी श्रीमंत पोरांचा छंद, असेही म्हटले जाईल. पण जी हवा ट्रॅकवरच्या गाडीला अडवते तीच बसला, मालाच्या ट्रकला आणि विजेवरच्या गाडीला अडवते. साध्या हॅचबॅकला ताशी 100 ला फक्त हवा कापायला सुमारे 12 अश्वशक्ती लागते आणि 150 ला सुमारे 39. धागे लावून, नळी धरून, वारा आणि तापमान लिहून ठेवून, चुकलेले माप स्वतः रद्द करून जो मुलगा किंवा मुलगी हे शिकेल, त्यांच्या हातून उद्या बसचे इंधन वाचेल आणि बॅटरीवर दहा किलोमीटर जास्त मिळतील. छंदाला शिस्त लागली की तो शिक्षण होतो, आणि या छंदाची शिस्त मोजमापात आहे. ती शिकायला मुलांना बंद रस्त्याच्या चार सकाळी देणे हे गोव्याला सहज परवडण्यासारखे आहे. त्या न दिल्याने ती मुले उघड्या महामार्गावर प्रयोग करू लागली, तर ते मात्र परवडणार नाही.