चाळीस हजार वेळा वाकणारा गुडघा

दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल राईड, साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. चहा, नाश्ता, पंक्चर वजा करून प्रत्यक्ष पेडल मारण्याचे नऊ तास धरा आणि मिनिटाला ८० फेरे धरा. हिशेब होतो ४३,२००. पहाटे निघालेल्या सायकलस्वाराचा प्रत्येक गुडघा संध्याकाळपर्यंत इतक्या वेळा वाकतो आणि सरळ होतो. हे सगळं ज्या वंगणावर चालतं, ते निरोगी सांध्यात चमचाभरही नसतं!

हे वंगणही अजब आहे. सांधा संथ असताना ते दाट असतं, हालचाल वेगाने सुरू झाली की पातळ होतं. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्यात एकही रक्तवाहिनी नाही. मग तिचं पोषण होतं कसं? भार पडला की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातला द्रव बाहेर येतो, भार हटला की तो पोषण घेऊन परत आत शिरतो. हालचालीवरच ती जगते.

आणि गुडघ्याची वाटी! जन्माच्या वेळी ती हाडाची नसतेच. कूर्चेची असते आणि साधारण तीन ते सहा वर्षांच्या वयात तिचं हाड होऊ लागतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या कंडरेत बसलेलं हे सुटं हाड विहिरीवरच्या कप्पीसारखं काम करतं. ते स्नायूची ओढ सांध्याच्या मध्यापासून दूर ठेवतं, म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो. पेडल खाली दाबताना ही करामत प्रत्येक फेऱ्यात घडते.

कृत्रिम गुडघ्यांत संवेदक बसवून शास्त्रज्ञांनी सांध्यावरचा भार मोजलाय. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, बेताने सायकल चालवताना तो जवळपास वजनाइतकाच राहतो. मग लांबच्या राईडला गुडघा का दुखतो?

उत्तर त्या फेऱ्यांत आहे. चालताना प्रत्येक पाऊल थोडं वेगळं पडतं. सायकलवर मात्र पावलाला सुमारे ३४ सेंटिमीटर व्यासाचं एकच वर्तुळ आखून दिलेलं असतं. वर बैठक सीटवर टेकलेली, खाली पाऊल पेडलवर, बुटाच्या तळाला पेडलमध्ये अडकणारे क्लीट असतील तर जखडलेलंच. मधल्या गुडघ्याला सुटायला जागा नाही. सीट सेंटिमीटरभर चुकली, तर ती चूक दिवसभरात ४३,२०० वेळा गिरवली जाते.

म्हणूनच दुखणं कुठे आहे, हे नीट पाहायला हवं. वाटीच्या आसपास, पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. गुडघा जास्त वाकलेला असताना जोर लावला की वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. मागून दुखत असेल तर सीट फार उंच किंवा फार मागे असण्याची शक्यता जास्त. आतून किंवा बाहेरून दुखत असेल तर आधी क्लीटचा कोन तपासावा.

सीट तपासायला भिंतीचा आधार पुरतो. सायकलवर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. कंबर न झुकवता पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो. साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक योग्य मानतात. सीटच्या दांड्यावर टेपने खूण करा आणि एका वेळी तीन ते पाच मिलिमीटरच बदला. त्यानंतरच्या एक-दोन छोट्या राईड्स गुडघ्याला काय वाटतं ते सांगतील.

दुसरं गुपित गिअरमध्ये आहे. तोच वेग, तोच चढ, पण मिनिटाला ५० फेऱ्यांऐवजी ९० फेरे मारले तर प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. खंबाटकी किंवा पसरणी घाट चढताना लोक जड गिअरवर दात-ओठ खात पेडल रेटतात. चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा, फेरे वाढवावेत. त्यात दम थोडा जास्त लागतो, पण गुडघा वाचतो. आणि पन्नास किलोमीटरवरून एकदम दोनशेवर उडी नको. कंडरा आणि कूर्चा स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. तयारी आणि बैठक नीट असेल, तर माणसाचा गुडघा इतकं करू शकतो.

पण गुडघ्याला सूज आली, तो अडकू लागला, भार देताना दगा देऊ लागला किंवा विश्रांतीनंतरही दुखणं राहिलं, तर सीट-गिअरची खटपट थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन राईड पूर्ण करण्यात कसलीही मर्दुमकी नाही. बाकीच्यांनी पुढच्या लांब राईडआधी दहा मिनिटं काढून टाचेची ती चाचणी जरूर करावी.