आधी रिकामा हात, मग शस्त्र

मागच्या टर्ममध्ये ऑब्स्टॅकल कोर्सवर उडी मारताना माझा घोटा दुखावला आणि सहा आठवडे पीटी बंद झाली. कराटेच्या वर्गात मी भिंतीशी बसून इतरांना बघत असे. बो, म्हणजे कोबुदोतील लांब काठी, हातात घ्यायची मला फार हौस. पण सर म्हणायचे, ‘आधी नीट उभा राहायला शिक.’ आता तर उभेही राहता येत नव्हते. कराटे सोडून द्यावे असे वाटू लागले. तेव्हा सरांनी मला ताइरा शिंकेन यांच्याविषयी सांगितले.

ताइरांचा जन्म 1897 मध्ये ओकिनावातील कुमे बेटावर झाला. तरुणपणी खाणीतल्या अपघातात त्यांचा पाय मोडला आणि ते कायमचे लंगडू लागले. 1922 मध्ये टोकियोत त्यांची गिचिन फुनाकोशी यांच्याशी भेट झाली आणि ते त्यांच्याकडे कराटे शिकू लागले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1929 मध्ये, ते याबिकु मोदेन यांच्याकडे कोबुदो शिकायला गेले. कोबुदो म्हणजे ओकिनावाची जुनी शस्त्रविद्या.

आधी कराटे आणि मग शस्त्र, असा क्रम का? साई हे तीन टोकांचे लोखंडी शस्त्र आहे. त्याचा दांडा मनगटापासून कोपराकडे हाताला लावून धरला की, कराटेत अडवतो तसाच वार अडवायचा; फक्त मार हाडाऐवजी लोखंडावर बसतो. तोन्फा ही आडव्या मुठीची आखूड काठी. ती ठोशासारखीच पुढे जाते. सुमारे सहा फुटांच्या बोचा जोर नुसत्या दंडातून नाही, कमरेच्या वळण्यातून येतो. पाय डळमळले की काठीचे टोक भलतीकडेच जाते. म्हणजे शस्त्र वेगळे काही करत नाही. हाताची चूक तेवढी मोठी करून दाखवते.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. शस्त्रांचे काता वेगवेगळ्या गुरूंकडे विखुरलेले होते. त्यातच 1945 च्या लढाईत ओकिनावा उद्ध्वस्त झाले. जाणकार गेले की त्यांची विद्याही जाणार, अशी वेळ होती. ताइरांनी आठ शस्त्रांचे चाळीसहून अधिक काता जमवले, त्यांच्या जतनासाठी 1955 मध्ये संस्था काढली आणि 1964 मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. 1970 मध्ये ते वारले. आज जगभर कोबुदो शिकणारे कितीतरी जण त्यांनी जपलेले काता करतात.

हे ऐकल्यावर मी वर्गात सगळ्यांचे पाय बघू लागलो. ठोसा मारताना अनेकांची मागची टाच उचलली जात होती. घोटा बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी कळले की माझीही उचलली जाते! बो अजून मिळालेला नाही. सध्या रोज रोल कॉलच्या आधी दहा मिनिटे मी टाच जमिनीवर ठेवायचा सराव करतो.