माध्यमिक म्हणजे नेमकी कितवी?

पांढुर्णा आणि सौसर हे मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, आणि त्या वर्षी त्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कारभार भोपाळहून चालत असला, तरी मोठ्या बाजारासाठी आणि पुष्कळदा पुढच्या शिक्षणासाठीही येथील कुटुंबे नागपूरची वाट धरतात. या वाटेवर राज्याची सीमा ओलांडताच ज्याचा अर्थ पालटतो, असा एक शब्द शाळेच्या दाखल्यातून सोबत जातो, तो म्हणजे ‘माध्यमिक’.

मध्य प्रदेशात पहिली ते पाचवीची ती प्राथमिक शाला, सहावी ते आठवीची माध्यमिक शाला (जुनी माणसे तिलाच मिडल स्कूल म्हणतात), नववी-दहावीचे हायस्कूल आणि अकरावी-बारावीची हायर सेकंडरी, अशी उतरंड आहे. महाराष्ट्रात मात्र सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक टप्पा असून माध्यमिक म्हणजे नववी-दहावी. त्यामुळे ‘माध्यमिक झाले’ या शब्दांचा अर्थ सौसरला आठवी आणि सीमेपलीकडे सावनेरला दहावी असा होऊ शकतो. गोंधळ एवढ्यावर थांबत नाही, कारण दहावी-बारावीच्या परीक्षा घेणाऱ्या भोपाळच्या संस्थेचे नावही माध्यमिक शिक्षा मंडळ असेच आहे. शाळेच्या पाटीवर हा शब्द प्राथमिक आणि हायस्कूल यांच्या मधला टप्पा दाखवतो, तर मंडळाच्या नावात तो इंग्रजीतील ‘सेकंडरी’चा प्रतिशब्द म्हणून आला आहे, एकाच राज्याने एकच शब्द दोन मापांनी वापरावा, ही गोष्ट पालकांना खरोखर अडचणीची आहे.

जुन्या दाखल्यांत हा फरक आणखी खोल जातो. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने अकरा वर्षांची हायर सेकंडरी शाळा आणि त्यानंतर तीन वर्षांची पदवी अशी रचना सुचवली होती, आणि मध्य प्रदेशाने ती स्वीकारली. महाराष्ट्रात अकरावीच्या शेवटी शालान्त परीक्षा, म्हणजे लोकांच्या तोंडची मॅट्रिक, होत असे आणि पदवीला त्यापुढे चार वर्षे लागत. म्हणून त्या काळची ‘अकरावी पास’ ही पात्रता दोन्हीकडे सारखी दिसली, तरी तिचे वजन सारखे नव्हते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवलेला दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध पुढे दोन्ही राज्यांत आला, महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली, आणि वर्षांची संख्या जुळली. नावे मात्र जुळली नाहीत. पांढुर्ण्याचा अकरावीतला मुलगा आजही ‘शाळेत’ जातो, तर महाराष्ट्रातल्या काटोलचा त्याच वयाचा मुलगा कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे घरच्या भाषेत ‘कॉलेजात’ जातो.

जुनी मोजणी नावातून मागे राहणे हे इंग्लंडमध्येही घडले आहे. तेथे १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर पहिले ते तेरावे वर्ष असे सलग क्रमांक रूढ झाले, तरी बारावे-तेरावे वर्ष अजून ‘सिक्स्थ फॉर्म’, म्हणजे सहावा वर्ग, या नावानेच ओळखले जाते, कारण पूर्वी माध्यमिक शाळेतील वर्गांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत असे.

सीमेवरच्या बोलीत मात्र नावांची ही अडचण जवळजवळ नाही. विदर्भात ‘इयत्ता’पेक्षा ‘वर्ग’ हा शब्द अधिक चालतो, आणि ‘पोरगी सातव्या वर्गात आहे’ एवढे म्हटले की पांढुर्ण्यापासून सीमेपलीकडच्या नरखेडपर्यंत ती कितवीत आहे हे कोणालाही कळते.