तळे एक, जाती अनेक : मत्स्यबीजातील संकर कसा टाळावा?

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास प्रतवारीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. एकाच पाटीत दोडका आणि घोसाळी मिसळली तर भाव पडतो. परंतु ती मिसळ हाताने निवडून काढता येते. शेततळ्यात सोडावयाच्या मत्स्यबीजाची गोष्ट निराळी आहे. बोटभर लांबीच्या पिल्लांत दोन जाती मिसळल्या, तर त्या ओळखणे अवघड जाते. आणि दोन जातींचा संकरच झालेला असेल, तर निवडून वेगळे करण्याजोगे काही उरतच नाही. म्हणून मत्स्यशेतीत एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : मासे एकत्र वाढवावेत, पण त्यांचे प्रजनन वेगवेगळे करावे.

एकत्र वाढविण्यात धोका नाही

कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एका तळ्यात गुण्यागोविंदाने नांदतात, कारण त्यांची ताटे वेगळी आहेत. कटला पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर जगतो. हेक्टरी ५,००० बोटुकली सोडावी असे धरल्यास, वीस गुंठ्यांच्या तळ्यात सुमारे ४०० कटला, ३०० रोहू व ३०० मृगळ पुरतात.

हे तिन्ही मासे निसर्गतः पावसाळ्यात नदीच्या पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. सबब केवळ विक्रीसाठी मासे वाढविणाऱ्या शेतकऱ्याने तळ्यात संकर होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

संकर होतो कोठे?

१९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात या माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. त्यामुळे नदीतील बीजावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. मात्र नदीत जे क्वचित घडे, ते उबवणी केंद्रात सहज घडू लागले. या माशांत अंड्यांचे फलन शरीराबाहेर, पाण्यात होते. मादी अंडी सोडते आणि नर त्यांवर रेत सोडतो. वेळ व खर्च वाचविण्यासाठी एकाच हौदात रोहू आणि कटला यांच्या जोड्या एकाच वेळी सोडल्या, तर एका जातीच्या अंड्यांवर दुसऱ्या जातीचे रेत पडते. कटला परिपक्व होण्यास अधिक काळ घेतो व त्याचे प्रजनन अवघड असते. त्यामुळे कटलाचे नर अपुरे पडले की रोहूचे नर वापरण्याचा मोहही होतो.

या तिन्ही जातींच्या गुणसूत्रांची संख्या सारखीच, म्हणजे ५० आहे. त्यामुळे संकरित पिल्ले जगतात, आणि मोठी झाल्यावर त्यांनाही संतती होते. खरा धोका येथेच आहे.

तोटा उशिरा का दिसतो?

रोहू-कटला संकर रोहूपेक्षा लवकर वाढतो. पण कटलाची वाढ त्यास गाठता येत नाही. बाजारात मासा वजनावर विकला जातो, म्हणून पहिल्या वर्षी कोणाची तक्रार येत नाही. परंतु असाच दिसायला चांगला मासा प्रजनक म्हणून राखला गेला, की पुढील पिढीत एकसारखी वाढ राहत नाही. कटला म्हणून सोडलेला मासा वरच्या थरातील अन्नाचा पुरता उपयोग करीत नाही आणि तळ्याचे गणित बिघडते. अशा वेळी शेतकरी पाण्याला व खाद्याला दोष देतो. दोष असतो बियाण्यात.

उबवणी केंद्रचालकांनी घ्यावयाची दक्षता

१. प्रजनक निवडताना प्रत्येक मासा हातात घेऊन पाहावा. कटलाचे डोके मोठे, तोंड वर वळलेले असून त्यास मिशा नसतात. रोहूचे ओठ जाड व झालरीसारखे असतात. मृगळाचे शरीर लांबट, तोंड रुंद व खालच्या बाजूस असते. मधल्याच ठेवणीचा मासा प्रजनक म्हणून राखू नये. तो विकून टाकावा.

२. प्रजननाच्या हंगामापूर्वीच तिन्ही जाती स्वतंत्र तळ्यांत ठेवाव्यात.

३. एका वेळी एका हौदात एकच जात सोडावी. दुसरी जात सोडण्यापूर्वी हौद रिकामा करून धुवावा.

४. मत्स्यजिऱ्यांच्या संगोपन हौदांवर जातीचे नाव व तारीख लिहावी. जाळी व भांडी एका हौदातून दुसऱ्यात नेण्यापूर्वी स्वच्छ करावीत.

मांगूर : विशेष सावधगिरी

देशी मांगूर व आफ्रिकन मांगूर यांच्या बाबतीत मात्र एकत्र पाळण्याचा प्रश्नच येत नाही. ‘थाई मांगूर’ या नावाने विकला जाणारा आफ्रिकन मांगूर हा अधाशी, मांसाहारी मासा आहे. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. या दोन जातींचा संकर उबवणी केंद्रात घडवून आणला जातो, आणि असे संकरित बीज देशी म्हणून खपविले जाते. तळे फुटून किंवा पुरात हे मासे नदीनाल्यांत गेले, तर तेथील देशी मासे ते फस्त करतात. देशी मांगूर आधीच दुर्मिळ होत चालला आहे. त्याचा शुद्ध वंश एकदा मिसळला, की तो परत मिळविता येणार नाही.

बीज घेणाऱ्यांस सूचना

शासकीय मत्स्यबीज केंद्रातून अथवा खात्रीच्या उबवणी केंद्रातूनच बोटुकली घ्यावी. पावतीवर प्रत्येक जातीचे नाव व संख्या वेगवेगळी लिहून घ्यावी. शक्य असल्यास प्रजनकांची तळी स्वतः पाहावीत. जेथे तिन्ही जातींचे प्रजनक एकाच तळ्यात दिसतील, तेथे प्रजननाच्या हौदात जाती वेगळ्या ठेवतात काय, हे विचारल्याशिवाय बीज घेऊ नये. शंका आल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा सल्ला घ्यावा. शुद्ध बीजासाठी चार पैसे अधिक पडले, तरी वर्षाअखेरीस तळ्यातून निघणाऱ्या मासळीत ते भरून निघतात.