जिरेनियमचं पान मान टाकतं तेव्हा

कुंडीतलं जिरेनियम तहानेने क्वचित मरतं. बहुतेक वेळा ते मरतं आपल्या लाडाने. हे कसं होतं, ते पाहू.

आधी नावाचा घोळ. आपण ज्याला जिरेनियम म्हणतो, ते शास्त्राच्या भाषेत पेलार्गोनियम. लिनियसने १७५३ साली दोघांना एकाच प्रजातीत बसवलं होतं. १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांना वेगळं केलं, पण रोपवाटिकेत जुनंच नाव टिकलं. पेलार्गोनियम मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतलं. खोड जाडसर, पाणी धरून ठेवणारं. म्हणजे थोडी ओढ सोसायची त्याला सवय आहे.

आता पान मलूल दिसलं की आपण काय अनुमान करतो? ‘पान कोमेजलंय, म्हणजे पाणी हवंय.’ न्यायशास्त्रात अशा हेतूला ‘सव्यभिचार’ म्हणतात. जो हेतू साध्य असतानाही दिसतो आणि नसतानाही, तो काहीच सिद्ध करत नाही. माती कोरडी पडली तरी पान मान टाकतं, आणि जास्त पाण्याने मुळं कुजली तरीही टाकतं. कुजलेली मुळं पाणी ओढणार कशी? अशा वेळी आपण आणखी तांब्याभर ओततो, आणि झाड जातं.

मग करायचं काय? अनुमान बाजूला ठेवा, प्रत्यक्षाकडे जा. मातीत बोट घाला. वरचा इंचभर थर कोरडा असेल तरच पाणी द्या, भरपूर द्या, आणि खालच्या ताटलीत साचलेलं ओतून टाका. कुंडीला भोक हवंच. मातीत वाळू किंवा कोकोपीट मिसळा. रोज चार-पाच तास ऊन मिळू द्या, फक्त एप्रिल-मे महिन्यांत दुपारी सावली करा. सुकलेले तुरे देठासकट खुडत जा, म्हणजे नवे येतात.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. कुंड्या छपराखाली, वारा खेळेल अशा जागी हलवा. बुंधा काळा आणि मऊ पडला, तर ते झाड सहसा वाचत नाही. पण वरची फांदी निरोगी असेल, तर डोळ्याच्या खाली कापून ८–१० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. खालची पानं काढा, काही तास काप सुकू द्या, आणि ओलसर वाळूत खोचा. वर प्लॅस्टिकची पिशवी मात्र घालू नका, दमटपणाने तो तुकडाही कुजेल. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

काळजी घेणं म्हणजे सतत काहीतरी देत राहणं नव्हे. द्यायच्या आधी एकदा बोट लावून बघणं, हीसुद्धा काळजीच.