बारा खेळाडू, बारा घरं

आंतरशालेय स्पर्धा जवळ आली की शाळेतून घरी एक कागद येतो. पालकांचं संमतीपत्र. त्यावर मुलाचं नाव, इयत्ता, खेळ आणि तळाशी सहीची जागा. आई किंवा वडील सही करतात आणि घराचा वाटा तिथंच संपतो. पुढचं सर बघतील, असं दोन्हीकडून धरून चाललेलं असतं. आता हिशेब मांडून पाहा. मैदानावरचा सराव दिवसाला फार तर दीड तास. उरलेल्या साडेबावीस तासांत मूल काय खातं, कधी निजतं, किती पाणी पितं, घरात कुणाशी काय बोलतं, यावर सरांचा ताबा नसतो. कबड्डीच्या संघात बारा मुलं असतात, त्यांतली सात मैदानात उतरतात. खरं तर त्या संघात बारा घरं खेळत असतात, आणि तयारी मात्र फक्त मुलांची होते. सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या माग आणि विडी कामगारांच्या वस्तीत ही उणीव जास्त जाणवते. ती भरून काढायला पैसा फारसा लागत नाही, हेच या लेखाचं म्हणणं आहे.

शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. सोलापूर शहरातल्या शाळा आधी महानगरपालिका क्षेत्राच्या पातळीवर एकमेकींशी भिडतात. तिथं जिंकलेला संघ पुणे विभागात आणि तिथूनही तरला तर राज्य पातळीवर जातो. सामने बहुतेक पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात, आणि नेमके हेच महिने पेठेत सणांचे असतात. गणपतीत रात्री जागतात. नवरात्रात रूपाभवानीच्या दर्शनाला पहाटेपासून रीघ लागते, घरोघरी उपवास असतात. कोजागरीला हजारो सोलापूरकर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालत तुळजापूर गाठतात, त्यांत शाळकरी पोरंही असतात. श्रद्धा आणि खेळ यांत कुणी एक निवडावं असं कुणीच म्हणणार नाही. पण दोन दिवसांवर सामना असलेल्या मुलीनं फक्त साबुदाण्यावर राहायचं का, हे घरात आधी ठरलेलं बरं. सामन्याच्या सकाळी त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

खो-खोचा एक क्षण जवळून पाहिला की घराचा संबंध कळतो. आठ खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले, नववा पाठलागावर. बसलेला प्रत्येक जण उकिडवा, बोटं जमिनीला टेकलेली. पाठीवर थाप आणि कानावर ‘खो’ पडला की त्याच श्वासात उठायचं. थापेआधी उठलं तर फाउल, उशीर झाला तर पळणारा निसटला. एका आक्रमणात हे पुन्हा पुन्हा घडतं. इथं पायांइतकीच जागी लागते ती नजर, आणि ती झोपेवर जगते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रात्री आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. जिथं भिंतीपलीकडे रात्रपाळीचे माग खडखडतात आणि एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि अंथरूण असतं, तिथं हा आकडा चैनीचा वाटतो. खोली वाढवणं कुणाच्या हातात नसतं. टीव्ही दहाला बंद करणं आणि मोबाइल उशाशी न ठेवणं मात्र असतं.

खाण्याचंही तसंच. पूरक पावडरींचे डबे दुकानात दिसतात, पण ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, शेंगाचटणी आणि वर एखादं केळं एवढ्यावर शाळकरी खेळाडूचं भागू शकतं. पथ्य एवढंच की सामन्याच्या दिवशी नवीन काही खाऊ नये आणि भरपेट जेवण तीन तास आधी उरकावं. त्याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना पंडुरोग, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिनची उणीव, आढळला. जी मुलगी दुसऱ्या डावात थकते तिला आपण ‘दम नाही’ म्हणतो, तेव्हा तिचं हिमोग्लोबिन कुणी तपासलेलं नसतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून ती दप्तरातच राहते. जेवणानंतर घ्यावी, लगेच चहा पिऊ नये, एवढं आईच्या कानावर गेलं तरी फरक पडतो.

सोलापूरचं ऊन वेगळ्या हिशेबाचं आहे. शरीराला उन्हात खेळायची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. मूल रोज सकाळी सहाला सराव करत असेल आणि सामना दुपारी एकला लागला, तर कौशल्य तेच असूनही पाय गळतात. म्हणून स्पर्धेआधीचे दोन आठवडे सराव थोडा थोडा उन्हाकडे सरकवावा लागतो, आणि तेव्हा घरातून भरून आलेली बाटली हा सरावाचा भाग असतो. ज्या शहरानं वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ पाहिला, तिथं पिण्याचं पाणी साठवून, झाकून, मोजून वापरलं जातं. त्या मोजणीत खेळाडूची एक बाटली जास्तीची धरावी लागेल. सरांनी हे घरी सांगितलं नाही तर ती धरली जाणार नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अभ्यासाचं काय? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१० साली शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांच्यावरच्या पन्नास संशोधनांचा आढावा घेतला. त्यांत तपासलेल्या २५१ संबंधांपैकी निम्म्यांत अभ्यासाला फायदा दिसला, उरलेल्या बहुतेकांत फरक दिसला नाही, आणि तोटा दिसला तो जेमतेम दीड टक्क्यात. याचा अर्थ खेळानं गुण हमखास वाढतात असा नाही. मैदानावरचा तास अभ्यासातून चोरलेला नसतो, एवढा आहे. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण खरं आहे, पण तिथवर पोचणारे थोडे. ते आमिष दाखवून खेळायला पाठवलेलं मूल पहिल्याच फेरीत हरलं की घराला वाटतं, सगळं वाया गेलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बारा तास मागावर उभा राहणारा बाप आणि हजारी दरानं विड्या वळणारी आई हे ऐकायला पालकसभेला कधी येणार? विडी कामगार बाईचा तास गेला की मजुरी गेली. हा आक्षेप मान्य करूनच आखणी व्हायला हवी. सभा एकच, अर्ध्या तासाची, पाळी सुटायच्या वेळेला आणि शक्य तर शाळेत न घेता गल्लीतल्या एखाद्या सभागृहात. सूचना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही, कारण इथल्या कित्येक घरांत चुलीपाशी बोलली जाणारी भाषा मराठी नाही. घराकडून जास्तीचा वेळ मागायचा नाही. जेवण, झोप, पाणी ही चाललेलीच कामं थोडी हलवायची आहेत. मुलींच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न उघडपणे विचारायला हवेत: सरावाआधीची भांडी कोण घासणार, आणि विजापूर रस्त्यावरच्या नेहरूनगर मैदानावरून संध्याकाळी तिला परत कोण आणणार? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या महिला संघानं जिंकला, तो महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली. त्या बातमीचं कौतुक घरोघरी झालं. पण परत आणण्याचा प्रश्न सुटला नाही तर पेठेतली मुलगी सरावालाच येत नाही, आणि कौतुक वर्तमानपत्रातच राहतं.

तिसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांचा असतो: पालकांना आत घेतलं की दडपण वाढतं, कडेला उभं राहून ओरडाआरडा होतो. होतो, हे खरंच. पण ओरडतो तो बहुधा खेळाचे नियम ठाऊक नसलेला पालक, किंवा ज्याला मुलाकडून नेमकं काय अपेक्षावं हे कुणी सांगितलेलंच नाही असा. कबड्डीत बोनस कधी मिळतो आणि लोण कशाला म्हणतात हे कळलेला बाप पंचावर कमी चिडतो. त्याला आणखी एक साधं गणित सांगावं. सामने बाद पद्धतीचे असतात. सोळा संघ उतरले तर आठ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात आणि शेवटी पंधरा संघ हरलेले असतात. म्हणजे बहुतेक घरांना हरलेलं मूलच दारात घ्यायचं असतं. घराची तयारी करायची ती मुख्यतः त्या संध्याकाळची. त्या वेळी ‘किती गुणांनी हरलात?’ हा प्रश्न जेवणानंतर आला तरी चालतो.

म्हणूनच त्या संमतीपत्रात चार ओळी वाढवाव्यात. मूल किती वाजता झोपेल. सामन्याच्या दिवशी काय आणि कधी खाईल. बाटली कोण भरेल. मैदानावरून परत कोण आणेल. पुढे रिकाम्या जागा सोडाव्यात, आणि त्या पालकांनी भरून मगच खाली सही करावी. क्रीडाशिक्षकाला त्या बारा कागदांवरून आपला संघ नेमका कुठं कच्चा आहे ते स्पर्धेच्या महिनाभर आधी दिसेल, आणि तेव्हा तरी त्यावर काही करता येईल.