सेवेतून उमललेला प्रश्न

विद्यार्थी सेवा करतात तेव्हा समाज त्यांचे कौतुक करतो. तेच विद्यार्थी प्रश्न विचारू लागले की समाज अस्वस्थ होतो. वस्तुतः प्रश्न हे सेवेचेच अपत्य होय. इतिहास शिकविताना आम्हांस याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील बर्कले येथील १९६४ सालच्या विद्यार्थी चळवळीत आढळते.

या चळवळीचा प्रमुख वक्ता मारिओ साव्हिओ हा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. १९६३ च्या उन्हाळ्यात तो एका कॅथलिक संस्थेबरोबर मेक्सिकोतील टास्को येथे गेला आणि गरीब वस्तीत स्वच्छतेच्या सोयी उभारण्याच्या कामी लागला. पुढील उन्हाळ्यात त्याने मिसिसिपी राज्य गाठले. तेथे चाचणी, कर आणि दहशत यांच्या बळावर कृष्णवर्णीयांना मतदार यादीपासून दूर ठेवले जात असे. त्याविरुद्धच्या मोहिमेची धुरा बॉब मोझेस यांच्यासारख्या कृष्णवर्णीय तरुणांनी वाहिली; बाहेरून आलेले शेकडो विद्यार्थी त्यांचे साहाय्यक होते. २१ जून रोजी चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली, तरी काम थांबले नाही. साव्हिओने मॅकोम्ब येथील ‘स्वातंत्र्य शाळे’त मुलांना शिकविले.

सुट्टी संपवून विद्यार्थी परतले, तो विद्यापीठाने आवाराच्या प्रवेशद्वाराशी टेबल मांडून राजकीय प्रचार आणि निधिसंकलन करण्यास बंदी घातलेली! १ ऑक्टोबर रोजी अशाच एका टेबलामागील जॅक वाइनबर्ग या कार्यकर्त्यास अटक झाली. विद्यार्थ्यांनी पोलिसांच्या मोटारीस वेढा घातला. ती सुमारे ३२ तास जागची हलली नाही. डिसेंबरच्या आरंभी स्प्राउल हॉलमधील ठिय्या आंदोलनात सुमारे ८०० जणांना अटक झाली. अखेर ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी विद्यार्थ्यांची भूमिका उचलून धरली.

परमुलखातील दारिद्र्य पाहिलेला तरुण आपल्याच देशातील अन्यायापुढे उभा राहिला आणि अखेर आपल्याच विद्यापीठास जाब विचारता झाला. हा क्रम आम्हांस मोलाचा वाटतो. उपकारकर्त्याच्या भूमिकेतून केलेली सेवा दात्याला मोठे करते. पीडितांच्या नेतृत्वाखाली केलेली सेवा दात्याला शहाणे करते.

आम्ही शिक्षक मुलांना श्रमदानास आनंदाने धाडतो. ‘ही वस्ती अशी का राहिली?’ असे विचारीत ती परत आली, तर मात्र आम्ही घड्याळाकडे पाहतो. तेथेच आमची परीक्षा आहे. त्या ८२४ प्राध्यापकांत आम्ही असतो की ११५ मध्ये, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.